लाटणं, फूटपट्टी आणि कलम 58

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून थोडक्यात असं:

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात नवरा आणि दोन मुलांसह राहते. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मुलांना पोहण्याच्या क्लासहून आणताना घराजवळच्याच रस्त्यावर गाडीचं पुढचं डावं चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळलं. टायर फुटला, अलॉय व्हीलला तडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात आम्ही जाऊन मोजमाप केलं, फोटो काढले. खड्डा सात सेंटिमीटर खोल होता. गॅरेजचं बिल 436 पौंड झालं. कौन्सिलकडे क्लेमचा फॉर्म भरला. चार दिवसांनी खड्डा बुजवला गेला, आणि दहा आठवड्यांनी पत्र आलं: अपघाताच्या पाच आठवडे आधी रस्त्याची ठरल्याप्रमाणे तपासणी झाली होती, तेव्हा दुरुस्ती करण्यासारखं काही आढळलं नाही, कुणाची तक्रारही नव्हती, सबब हायवेज ॲक्ट 1980 च्या कलम 58 नुसार आमची जबाबदारी नाही. आमच्या सगळ्या गल्लीला तो खड्डा माहीत होता! आम्ही दरमहा कौन्सिल टॅक्स भरतो, मग भरपाई का नाही? मिस्टर म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, त्यात उन्हाळ्यात आयएलआरचा (इथे कायम राहण्याच्या परवानगीचा) अर्ज करायचाय, कशाला सरकारच्या डोळ्यांवर यायचं. शेजारच्या आजी म्हणतात, कौन्सिलकडे म्हाताऱ्यांच्या देखभालीलाही पैसे उरले नाहीत. भांडू की सोडून देऊ?

*

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि सोबतचे फोटो चार-पाच वेळा पाहिले. खड्ड्यावर आडवं ठेवलेलं लाटणं आणि त्याला टेकून उभी केलेली मुलाची निळी फूटपट्टी पाहून हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. खोली मोजायची तर वर काहीतरी सरळ आडवं लागतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नुसती पट्टी खड्ड्यात खुपसून काढलेल्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही. (इतर वाचकांना मात्र सांगते, वाहत्या रस्त्यात उकिडवं बसून हे करू नका. धोका वाटला तर फुटपाथवरून, ओळखीची एखादी वस्तू शेजारी येईल असा फोटो पुरे.)

आता तुमच्या रागाकडे येऊ. त्याच्या मुळाशी एक सरळ हिशेब आहे: रस्ता त्यांचा, खड्डा त्यांचा, म्हणून पैसेही त्यांचे. माणूस म्हणून मला तो पटतो. कायदा मात्र असा हिशेब करत नाही. त्या 1980 च्या कायद्याचं कलम 41 रस्त्याची देखभाल करण्याचं बंधन कौन्सिलवर टाकतं. तुमचा सात सेंटिमीटरचा फोटो या कलमासाठी कामाचा. बऱ्याच कौन्सिल चार सेंटिमीटरच्या आसपासची खोली झाली की खड्डा दखल घेण्याजोगा मानतात, तेव्हा तो धोकादायक होता यावर फार वाद होऊ नये. पण पुढे कलम 58 येतं. ते कौन्सिलला बचावाची संधी देतं: आम्ही वाजवी काळजी घेतली होती, हे दाखवता आलं तर आम्ही सुटलो. रस्त्यावर एकही खड्डा नको, अशी कायद्याची अपेक्षा नाही. रस्त्याच्या वर्दळीला साजेशी पाहणी व्हावी, आणि जे दिसलं, कळलं किंवा कळायला हवं होतं, त्यावर वेळेत हालचाल व्हावी, एवढीच आहे.

म्हणजे बघा, तुम्ही सगळी ताकद खड्डा किती खोल होता यावर लावलीत आणि त्यांनी उत्तर दिलं ते खड्डा कधी झाला यावर. दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. आणि तुमचा क्लेम तरायचा तर तो दुसऱ्या प्रश्नावरच तरेल.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. वाजवी काळजी घेतली हे सिद्ध करण्याचा भार कौन्सिलवर असतो. "आम्ही तपासणी केली होती" हे पत्रातलं वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे त्या तपासणीची नोंद. नकाराचं पत्र लेटरहेडवर येतं, त्यात कलमाचा आकडा असतो, त्यामुळे ते निकालासारखं वाटतं. खरं तर ज्याच्याकडे तुम्ही पैसे मागताय त्यानेच ते लिहिलेलं आहे. तुम्ही आणि तुमच्यासारखे अनेकजण इथेच फाइल बंद करतात.

आता "सगळ्या गल्लीला माहीत होता" या वाक्याकडे येते, कारण त्यात मला तुमच्या पत्रातली सगळ्यात दुबळी आणि सगळ्यात भक्कम अशा दोन्ही बाजू दिसतात. दुबळी अशी, की गल्लीत कुणीतरी कौन्सिलला कळवलं होतं का? खड्डा चुकवायला आपण सगळे लगेच शिकतो, कळवत कुणीच नाही, मीही नाही. गल्लीला माहीत होतं म्हणजे कौन्सिलला माहीत होतं, असं होत नाही. पण भक्कम बाजू अशी: तो खड्डा तुमच्या अपघाताच्या पाच आठवडे आधी, म्हणजे त्या तपासणीच्या दिवशी तिथे होता, असं कुणी तारखेनिशी सांगू शकलं, तर कौन्सिलचा बचाव डळमळतो. मग एकतर तपासणीस आला आणि त्याला दिसला नाही, किंवा दिसला आणि त्याने सोडून दिला. दोन्ही उत्तरं त्यांना अडचणीची.

म्हणून आज रात्री जेवणं झाल्यावर एक काम करा. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. त्यात खड्ड्याचा उल्लेख शोधा, जानेवारीपासूनचा. "त्या वळणावर सांभाळा हं" अशा एका ओळीलाही तारीख-वेळ असते. कुणी फोटो टाकला असेल तर सोन्याहून पिवळं. शेजारच्या आजींना, त्यांना कौन्सिलबद्दल कितीही कणव असली तरी, खड्डा पहिल्यांदा कधी पाहिल्याचं आठवतं ते विचारा आणि चार ओळी लिहून द्यायची विनंती करा. फिक्समायस्ट्रीट या साइटवरही तुमचा रस्ता उघडून पाहा. मायसोसायटी ही संस्था 2007 पासून ती चालवते. तिथे कुणीही खड्डा नोंदवला की तो संबंधित खात्याकडे जातो आणि तारखेसह नकाशावर दिसत राहतो. एखाद्या अनोळखी सायकलवाल्याने डिसेंबरातच तुमचं काम करून ठेवलेलं असू शकतं, आणि तसं निघालं तर "कुणाची तक्रार नव्हती" हे वाक्य तिथेच संपलं.

आणि आता तुमचा चौथा फोटो. तुमचं लक्ष लाटण्यावर होतं, त्यामुळे कदाचित निसटलं असेल. फोटो मोठा करून खड्ड्याच्या कडेला पाहा. डाव्या बाजूला आणि वरच्या बाजूला एक फिकट पांढरी रेघ आहे, कोपऱ्यात काटकोनात वळलेली. उरलेल्या दोन बाजू टायरांनी घासून गेल्यासारख्या दिसतात. ती स्प्रे पेंटची चौकट असावी असं मला वाटतं. रस्त्याची पाहणी करणारी माणसं दुरुस्तीच्या जागेभोवती अशी खूण करून जातात, म्हणजे मागाहून येणाऱ्या टोळीला कुठे डांबर भरायचं ते कळतं. फोटो अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे. रंग एका रात्रीत एवढा झिजत नाही. म्हणजे तुमचं चाक आदळण्याच्या काही दिवस तरी आधी कुणीतरी अधिकृत माणूस तिथे उभा राहून, खड्डा पाहून, बाटली हलवून गेला होता. मग "काही आढळलं नाही" हे कसं?

लगेच हुरळून जाऊ नका, कारण ती खूण कौन्सिलचीच असेल असं नाही. पाणी, गॅस, वीज, ब्रॉडबँड या कंपन्याही खोदण्यापूर्वी रस्त्यावर रंगाने खुणा करतात. तुमच्या खड्ड्याच्या कडा एका बाजूला कापल्यासारख्या सरळ आहेत, त्यामुळे तिथे जुना चर बुजवलेला असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही. तसं असेल तर खोदणाऱ्या कंपनीकडेही बोट जातं: 1991 च्या न्यू रोड्स अँड स्ट्रीट वर्क्स ॲक्टखाली रस्ता पूर्ववत करून देणं ही त्या कंपनीची जबाबदारी असते, आणि त्या कामाची हमी सर्वसाधारणपणे दोन वर्षांची, खोल खोदाईला तीन वर्षांची असते. मॅनहोलचं झाकण खचल्यामुळे गाडीचं नुकसान झालेल्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावं. झाकणावर बहुधा कंपनीची अक्षरं कोरलेली असतात, आणि क्लेम आधी तिच्याकडे जातो.

तर ही चौकट कुणाची आणि कधीची, हे कळायला हवं. त्यासाठी वकील नको. एक ईमेल पुरे. आपल्याकडच्या माहिती अधिकाराचं इथलं भावंड म्हणजे फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट. कायदा 2000 चा, पूर्ण अंमल 2005 पासून, म्हणजे आपला माहिती अधिकार आला त्याच वर्षीपासून. आपल्याकडे दहा रुपये भरावे लागतात, इथे साध्या अर्जाला बहुधा काहीच लागत नाही. का हवंय हे सांगायची गरज नाही आणि उत्तर 20 कामकाजी दिवसांत यायला हवं. ईमेलमध्ये रस्त्याचं नाव, कुठल्या दोन चौकांच्या मधला भाग, अपघाताची तारीख द्या आणि मागा: त्या तारखेआधीच्या बारा महिन्यांतल्या सगळ्या तपासण्यांच्या तारखा आणि नोंदी, हा रस्ता किती दिवसांनी तपासायचा असं धोरणात ठरलंय ते, त्या भागाबद्दल आलेल्या सगळ्या तक्रारी, कुठल्याही मार्गाने आलेल्या, दुरुस्तीचे आदेश, ते निघाल्याच्या आणि काम पुरं झाल्याच्या तारखांसह, आणि त्या काळात तिथे खोदायला कुणाला परवानगी दिली होती ती यादी.

यातली दुरुस्तीच्या आदेशाची तारीख सगळ्यात महत्त्वाची. अपघातानंतर चार दिवसांनी खड्डा बुजवला हे तुम्ही जवळजवळ तक्रारीच्या सुरात लिहिलंय, "आता पुरावाच गेला" असं. उलट आहे. टोळी आपणहून फिरत येत नाही. तिला कुणीतरी कागद देतं. तो कागद तुमच्या क्लेमच्या फॉर्मनंतर निघाला असेल तर विशेष काही नाही, आणि नंतर दुरुस्ती केली म्हणजे चूक कबूल केली असंही होत नाही. पण तो अपघाताआधी निघालेला असेल, तर खड्डा माहीत होता हे त्यांच्याच कागदावर आलं. मग प्रश्न एवढाच उरतो की आदेश निघाल्यापासून किती दिवसांत काम व्हायला हवं होतं, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच धोरणात लिहिलेलं असतं.

एक पदरचा अनुभव. माझ्या गाडीची स्प्रिंग मोडली तेव्हा मी मोठ्या तावातावाने, ज्यांचं कौन्सिल टॅक्सचं बिल येतं त्यांच्याकडे क्लेम पाठवला. सहा आठवड्यांनी उत्तर: हा रस्ता आमचा नाही. जिथे डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशा दोन पातळ्या आहेत तिथे बिल डिस्ट्रिक्ट पाठवतं, पण रस्ते काउंटीचे. मोटरवे आणि मोठे ए रोड इंग्लंडात नॅशनल हायवेजचे, आणि लंडनमधले रेड रूट ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचे. तुम्हाला उत्तर योग्य ठिकाणाहून आलंय, तेव्हा ती ठेच तुम्हाला लागलेली नाही. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या वाचकांनी मात्र कलम 41 आणि 58 चे आकडे पत्रात लिहू नयेत, तिथला कायदाच वेगळा आहे.

आता रकमेबद्दल जरा स्पष्ट बोलते. 436 पौंडांत दोन टायर आहेत, प्रत्येकी 92. फुटला एक. दुसरा गॅरेजवाल्याने "जोडीने बदललेले बरे" म्हणून बदलला, आणि तुम्ही तोही क्लेममध्ये घातलात. काढून टाका. ज्या टायरने मार खाल्ला तोही नवा नव्हता. त्याची नक्षी निम्मी झिजलेली होती असं तुमच्या आधीच्या एमओटीच्या (गाडीच्या वार्षिक तपासणीच्या) कागदावरून दिसतं, तेव्हा नव्याची पूर्ण किंमत मिळेलच असं नाही. अलॉयचे 197, ट्रॅकिंगचे (चाकांची दिशा जुळवण्याचे) 55 आणि टायरचे निम्मे 46, असे 298 होतात. ऐकायला कमी वाटतं, पण हा आकडा कुणी हलवू शकणार नाही. आणि इंग्लंडात 300 पौंडांपर्यंतच्या दाव्याची कोर्ट फी 35 पौंड आहे, त्यावर 500 पर्यंत 50. म्हणजे प्रामाणिकपणात 15 पौंड इथेच वाचले.

विम्याचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. खड्ड्याचा क्लेम विमा कंपनीला सहसा कुणाकडून वसूल करता येत नाही, म्हणून तो तुमच्याच चुकीत धरला जातो. एक्सेस (आपण स्वतः सोसायचा वाटा) वजा जाता हातात काय उरेल आणि नो क्लेम बोनसचं काय होईल ते बघता, एवढ्या रकमेसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. मात्र क्लेम करायचा नसला तरी झालेली घटना कळवायला हवी अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते. तेवढी वाचा.

मिस्टरांच्या दोन धास्तींबद्दल. "शहाण्याने कोर्टाची पायरी" ही म्हण वर्षानुवर्षं तारखा पडणाऱ्या कोर्टांची आहे, आणि त्या कोर्टांपुरती ती सोळा आणे खरी आहे. इथे 10,000 पौंडांपर्यंतच्या दाव्यांसाठी स्मॉल क्लेम्सची वाट आहे. फॉर्म घरबसल्या ऑनलाइन भरतात, वकील लागत नाही, आणि हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा तुमच्यावर येत नाही. तुमची फी जाते, सुनावणीपर्यंत गेलात तर तिचीही, आणि क्वचित त्यांच्या साक्षीदाराचा प्रवासखर्च. मे 2024 पासून अशा पैशांच्या दाव्यांत सुनावणीआधी फोनवर तासाभराची मोफत मध्यस्थी बंधनकारक झाली आहे. कोर्टात पाऊल न टाकताही बरंच काही तिथे मिटू शकतं. घाईही नाही. मालमत्तेच्या नुकसानीला इंग्लंडमध्ये सहा वर्षांची मुदत आहे, म्हणजे उन्हाळ्यातला तुमचा अर्ज उरकून मग दावा टाकलात तरी चालतं.

आयएलआरची भीती मात्र मला समजते. आपण इथे आलो तेव्हापासून प्रत्येक सरकारी पाकीट आपण श्वास रोखून उघडतो. पण अर्जात विचारतात ते तुमच्यावरच्या गुन्ह्यांबद्दल, तुमच्याविरुद्ध झालेल्या निकालांबद्दल, थकवलेल्या देण्यांबद्दल. तुम्ही कुणाकडे रीतसर भरपाई मागितलीत, याबद्दल नाही. कौन्सिलचं रस्ते खातं आणि होम ऑफिस यांना आपण मनात एकच "सरकार" समजतो. तसं ते नाही. एवढं सांगूनही त्यांची झोप उडणार असेल, तर वर म्हटलं तसं, दावा अर्जानंतर करा. माहिती मागवायचा ईमेल मात्र आजच जाऊ द्या, कारण नोंदी आणि माणसांच्या आठवणी ताज्या आहेत तोवरच ते काम सोपं.

आजींचं म्हणणं मला सहज झटकून टाकता येत नाही. कौन्सिलांची तंगी खरी आहे, आणि तुमचे 298 पौंड कुणाच्या तरी खिशातूनच येणार. पण न बुजवलेल्या खड्ड्याचा खर्च कुणीतरी भरतंच. सध्या तो तुम्ही एकट्यांनी भरलाय. नुकसान त्यांच्या कुचराईमुळे झालं असेल तर मागण्यात ओशाळण्यासारखं काही नाही. नसेल, तर मागू नये. आणि ते कागद आल्याशिवाय तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही.

म्हणून माझा सल्ला: भांडूही नका आणि सोडूही नका, आधी कागद मागवा. चौकट कौन्सिलची निघाली किंवा आदेश अपघाताआधीचा निघाला, तर चौथा फोटो, आजींच्या चार ओळी आणि 298 चा सुधारलेला हिशेब जोडून फेरविचाराचं पत्र पाठवा. पुढे दाव्याचा विचार आहे हे त्यात सौम्य शब्दांत लिहा आणि उत्तराला ठरावीक दिवस द्या. चौकट पाणी कंपनीची असेल, तर तेच पत्र तिकडे. आणि अपघाताच्या पाच आठवडे आधीची तपासणी नीट नोंदलेली, खड्डा त्यानंतरच्या थंडी-पावसात झालेला, रंगाची खूण अपघाताच्या थोडेच दिवस आधीची आणि दुरुस्ती धोरणातल्या मुदतीत, असं दिसलं तर मी तुमच्या जागी असते तर तिथे थांबले असते. चडफडत का होईना.

अजून एक. मला पाठवलेले फोटो व्हॉट्सॲपवरून आलेत, आणि तिथून फिरलेल्या प्रतीत फोटो काढल्याची तारीख-वेळ राहत नाही. मूळ फोटो ज्या फोनवर काढले तो मिस्टरांचा असेल, तर "स्टोरेज भरलंय" म्हणून त्यांनी काही पुसायच्या आत ते चारही फोटो ईमेलने स्वतःला पाठवून ठेवा. आणि तडा गेलेला अलॉय गॅरेजमध्ये अजून पडलेला असेल तर तो घरी आणा.